उतरलेलं वजन परत येतं तेव्हा

प्रश्न : माझं वय ४१. अडीच वर्षांपूर्वी माझं वजन ८२ किलो होतं. कडक डाएट करून आठ महिन्यांत ६६ वर आणलं. सगळ्यांनी खूप कौतुक केलं. वर्षभर बरं चाललं, मग हळूहळू वाढत गेलं. पाच महिन्यांपूर्वी काट्यावर ७७ दिसले, तेव्हापासून मी वजन केलेलंच नाही. नवरा काळजीपोटी माझ्या ताटाकडे बघत असतो. ‘हे पण घेणार आहेस?’ असं त्यानं विचारलं की घास गिळवत नाही. मग रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खाते आणि स्वतःचाच राग येतो. ऑफिसातली मैत्रीण वजनाची इंजेक्शनं घेते आहे, तिचं झरझर उतरतंय. माझ्यात जिद्दच कमी आहे का? तोच डाएट पुन्हा सुरू करू का? आणखी एक. माझी बारा वर्षांची मुलगी हल्ली आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते. हे माझ्यामुळे झालं का?

उत्तर : जिद्दीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. नाही, तुमच्यात जिद्द कमी नाही. आठ महिने भूक सोसत नोकरी आणि घर सांभाळलेल्या बाईला जिद्द नाही म्हणणं हा अन्याय आहे, मग ते दुसरं कुणी म्हणो वा तुम्ही स्वतः. आणि तोच डाएट पुन्हा करू नका.

वजन उतरलं की शरीराला ती चांगली बातमी वाटत नाही. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करतात. साठा पुरेसा आहे, हा निरोप ते मेंदूला देतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू टंचाई असल्यासारखा वागू लागतो. भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं उतरतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरही ही संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती. माणसांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती.

दुसरीकडे शरीराचा खर्च कमी होतो. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते, त्यातले ४१ परत आले होते. विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. ही टोकाची उदाहरणं आहेत, तुमचा आकडा इतका नसेल. पण दिशा तीच. ६६ किलोंवर पोहोचलेल्या तुम्हाला ८२ किलोंच्या स्वतःपेक्षा जास्त भूक लागत होती आणि त्याच वेळी कमी अन्न पुरत होतं. ही ओढाताण तुम्ही वर्षभर पेललीत, तीसुद्धा एकटीनं.

एकटीनं, हे मी मुद्दाम म्हणते आहे. वजन उतरत असताना आजूबाजूला उत्साह असतो. दर आठवड्याला आकडा खाली येतो, कपडे सैल होतात, भेटेल तो ‘काय बारीक झालीस गं’ म्हणतो. वजन टिकवायची वेळ येते तेव्हा यातलं काहीच घडत नाही. आकडा हलत नाही, आणि तो न हलणं हेच तर यश असतं, पण त्याचं कौतुक करायला कुणी येत नाही. डाएट देणाऱ्यांचं कामही बहुतेक वेळा तिथं संपतं. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी लावले की झालं. त्या दोन फोटोंनंतरच्या तिसऱ्या वर्षाचा फोटो कुणी दाखवत नाही, याचा मला मनापासून राग येतो. खरी मदत लागते ती त्या तिसऱ्या वर्षात.

वजन उतरवणं आणि उतरलेलं टिकवणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिलं तुम्ही शिकलात. दुसरं तुम्हाला कुणी शिकवलंच नाही. म्हणून माझा सल्ला तुम्हाला कदाचित उलटा वाटेल : आता लगेच वजन उतरवायला घेऊ नका. पुढचे दोन महिने आहे ते वजन वाढू द्यायचं नाही, एवढंच करा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २६७ स्त्रियांवर हेच करून पाहिलं होतं. एका गटानं नेहमीप्रमाणे थेट वजन उतरवायला घेतलं. दुसऱ्या गटानं आधी आठ आठवडे फक्त वजन स्थिर ठेवायचा सराव केला आणि मग उतरवायला घेतलं. दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलं. पण पुढच्या वर्षभरात, सराव करून आलेल्या स्त्रियांचं परत आलेलं वजन दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी होतं.

शिवाय तुमचा हिशेब एकदा माझ्याबरोबर मांडून बघा. ६६ वरून ७७, म्हणजे तुम्हाला दिसतं की ११ किलो परत आले. मला दिसतं की ५ किलो परत आलेले नाहीत. ८२ मधले ५ म्हणजे सहा टक्के. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्यांनी आहार बदलला, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम केला आणि साधारण पाच ते सात टक्के वजन घटवलं, त्यांच्यात पुढच्या तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. पुढे त्यातल्या अनेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं, तरी दहा वर्षांनंतरही त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे तुमच्या कष्टांची माती झालेली नाही. मधल्या पाच महिन्यांत आणखी थोडं वाढलं असेल, तरी ते कष्ट तुमच्या शरीरानं वापरलेले आहेत.

आता काट्याकडे येऊ. पत्रात सगळ्यात जास्त काळजी मला याच वाक्याची वाटली, ‘तेव्हापासून मी वजन केलेलंच नाही’. वजन वाढतं तेव्हा ११ किलो एकदम वाढत नाही. आधी एक वाढतं, मग दोन. दोन किलो वाढले तेव्हा सावरणं सोपं असतं, पण नेमकं तेव्हाच आपण नजर दुसरीकडे वळवतो. ‘सण-समारंभ होऊन जाऊ दे’, ‘हे काम संपू दे, मग बघते’. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात नुकतंच बरंच वजन उतरवलेले ३१४ जण होते. त्यातल्या काहींना फक्त माहितीपत्रकं मिळाली, बाकीच्यांना याचंच प्रशिक्षण दिलं गेलं. रोज वजन करायचं आणि सिग्नलचे तीन रंग डोक्यात ठेवायचे. ठरवलेल्या वजनापेक्षा दीड किलोपर्यंत वर असाल तर हिरवा, जे चाललंय ते चालू द्या. दीड ते सव्वादोनच्या मध्ये पिवळा, काय बदललंय ते शोधा आणि दुरुस्त करा. त्याच्या वर लाल, तेव्हा लगेच मदत घ्या. दीड वर्षानं पाहिलं, तर ज्यांना फक्त माहितीपत्रकं पाठवली जात होती त्यांच्यातल्या सुमारे ७२ टक्के लोकांचं वजन लाल रेषेपलीकडे गेलं होतं. समोरासमोर गटात भेटणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्के होतं. भेटणाऱ्या गटातही निम्म्याच्या आसपास लोक घसरले, हेही मी लपवत नाही. काम अवघड आहेच. पण लवकर लक्षात येणं आणि कुणीतरी सोबत असणं, या दोन गोष्टींनी एवढा फरक पडला.

म्हणून या आठवड्यात एकदा काट्यावर उभ्या राहा. जो आकडा येईल तो तुमचा नवा आरंभ. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मीठ, पाळीचे दिवस, बद्धकोष्ठता, आदल्या रात्रीचं उशिराचं जेवण यांनी किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, आणि ते पाणी किंवा पोटातलं अन्न असतं, चरबी नसते. आठवड्याची सरासरी काढा आणि तीच बघा. मात्र आकडा बघून अख्खा दिवस काळवंडत असेल, जेवणच नकोसं होत असेल, तर काटा बाजूला ठेवा. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी कंबरेचा घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, असा एक सोपा अंदाज आहे. टेप असो वा काटा, नजर वळवायची नाही एवढंच माझं म्हणणं.

रात्रीच्या खाण्याबद्दल. तुम्ही त्याला पाप समजून लिहिलंय, मला त्यात साधी भूक दिसते. दिवसभर कुणीतरी बघतंय म्हणून अर्धपोटी उठायचं, आणि रात्री कुणी बघत नाही तेव्हा शरीर वसुली करतं. हे थांबवायचं असेल तर रात्रीवर पहारा बसवू नका, दिवसाचं जेवण पुरेसं करा. सकाळचा आणि दुपारचा आहार भरपेट हवा, सगळ्यांच्या समोर, बसून, बिनधास्त. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत. डाळी, कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे, जे तुम्ही खात असाल ते. सोबत भाज्या आणि फळं भरपूर. यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. संध्याकाळी ऑफिसातून घरी येता त्या वेळचं काहीतरी खाणं आधीच ठरवून ठेवा, कारण बहुतेकींचा बांध तिथंच फुटतो. आणि एक गोष्ट स्वतःला खरीखरी विचारा. रात्री खाताना थोड्या वेळात खूप खाल्लं जातं का? हात थांबवताच येत नाही असं वाटतं का? हे आठवड्यातून एकदा तरी होतंय आणि तीन महिने चाललंय, असं असेल तर तो बिंज ईटिंग नावाचा आजार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ते मानसोपचारतज्ज्ञांकडे मिळतात. तसं असेल तर वजनाचं सगळं मागे ठेवा, आधी तिथं जा.

आता तुमचे पती. त्यांचा हेतू चांगला आहे हे तुम्हीच लिहिलंय आणि मला ते पटतं. पण राखण करणं आणि साथ देणं यात फार अंतर आहे. जेवताना ताटाकडे बघणारं माणूस कितीही प्रेमाचं असलं, तरी त्याच्यासमोर लपावंसंच वाटतं. त्यांच्याशी जेवणाच्या वेळी नाही, दुसऱ्या एखाद्या निवांत वेळी बोला. साधं सांगा : ‘तू विचारलंस की मी तुझ्यासमोर खात नाही आणि नंतर लपून खाते. मला तुझी मदत हवी आहे, पण ही नको.’ आणि लगेच कोणती हवी ते सांगा, नाहीतर बिचाऱ्याला कळणार कसं? संध्याकाळचं अमुक एक काम त्यांनी घ्यायचं, म्हणजे तुम्हाला चालायला अर्धा तास मिळेल. पाकीटबंद खाऊ घरात आणायचाच असेल तर डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवायचा नाही. वजनाबद्दल तुम्ही विषय काढलात तरच बोलायचं. आणि जमेल तेव्हा सोबत चालायला यायचं. मागायला संकोच वाटेल, कारण घरातल्या बाईनं स्वतःसाठी वेळ मागायची आपल्याला सवयच नसते. तरी मागा.

घराबाहेरही एक-दोन माणसं शोधा. १९९९ मधला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात काही लोक एकटे आले होते आणि काही आपल्या तीन ओळखीच्या माणसांना घेऊन. एकट्या आलेल्या आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या लोकांपैकी २४ टक्क्यांनी उतरलेलं वजन पुढचे सहा महिने पूर्ण टिकवलं. मित्रमैत्रिणींसोबत येऊन एकमेकांना साथ कशी द्यायची तेही शिकलेल्यांपैकी ६६ टक्क्यांनी. अशी साथ म्हणजे रोज सल्ले देणारा ग्रुप नव्हे. आठवड्यातून एकदा जिला खरा आकडा सांगता येईल आणि जी ऐकून ‘अगं मग काय बदललं या आठवड्यात?’ एवढंच विचारेल, अशी एक मैत्रीण पुरते. आहारतज्ज्ञाकडे जाणार असाल तर पहिल्याच भेटीत विचारा की वजन उतरल्यानंतर किती काळ सोबत राहाल. उत्तर टाळलं, तर दुसरा बघा.

कोणता डाएट चांगला, यावर मी फार वेळ घालवणार नाही. ६०९ जणांवर वर्षभर चाललेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कमी चरबीचा आहार आणि कमी कर्बोदकांचा आहार यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तुम्हाला पाच वर्षं आनंदानं खाता येईल तोच आहार तुमचा. एक गोष्ट मात्र निश्चित सांगते, कारखान्यात बनलेलं, पाकिटातलं, तयार अन्न कमी करा. २०१९ च्या एका प्रयोगात २० जणांना दोन आठवडे तसं अन्न आणि दोन आठवडे साधं, फारशी प्रक्रिया न केलेलं अन्न दिलं. दोन्हीकडे हवं तितकं खायची मुभा होती. पाकिटातल्या अन्नावर माणसं नकळत रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.

व्यायामानं वजन उतरतं थोडंच, पण टिकवताना त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. त्या टीव्ही स्पर्धेतल्या लोकांमध्येही सहा वर्षांनी ज्यांची हालचाल जास्त होती त्यांचंच वजन कमी परत आलं होतं. १९९४ मध्ये अमेरिकेत एक नोंदवही सुरू झाली, किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलेल्या माणसांची. त्यातले बहुतेक जण रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात, आणि चालणं हा त्यांचा सगळ्यात आवडता व्यायाम. तासाचं ऐकून घाबरू नका. जेवणानंतरची दहा मिनिटं इथून सुरुवात करा. आठवड्याला १५० मिनिटं हा पहिला टप्पा, पुढचं पुढे. आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडेल असंही काही करा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, हलकी वजनं. कडक डाएटमध्ये चरबीबरोबर स्नायूही जातात आणि वजन परत येताना मुख्यतः चरबी येते, म्हणून या वयात हे टाळू नका. सवय २१ दिवसांत लागते असं ऐकलं असेल, ते विसरा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला अडीचशेच्या वर लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. झोप सात तासांच्या खाली जात असेल तर तिच्यासाठीही भांडा. अपुरी झोप भूक वाढवते.

मैत्रिणीच्या इंजेक्शनांबद्दल. त्यात फसवाफसवी काही नाही आणि ती घेणारी आळशीही नाही. अशा इंजेक्शनांतल्या सेमाग्लूटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन घटलं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनातला दोनतृतीयांश भाग परत आला. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब चढतो, तसंच हे. म्हणजे विचार दीर्घकाळाचा करावा लागतो, खर्चासकट. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास अनेकांना होतात. गरोदरपणात ती चालत नाहीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल किंवा घरात थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावंच लागतं. तुमच्यासाठी ती योग्य आहेत की नाहीत हे तपासून डॉक्टरच ठरवतील. मैत्रिणीचं इंजेक्शनचं पेन उसनं घेऊ नका, ओळखीतून मागवू नका. डॉक्टरांकडे गेलात की थायरॉइड, साखर आणि रक्तदाब तपासायला सांगा. पाळी अनियमित झाली असेल, घोरणं वाढलं असेल, तर तेही बोला. स्टिरॉइड, इन्सुलिन आणि नैराश्यावरची काही औषधं वजन वाढवतात. असं काही चालू असेल तर पर्याय विचारा, पण मनानं बंद करू नका.

मुलीबद्दलचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, मला तो सगळ्यात नाजूक वाटला. याचं कारण फक्त तुम्ही नाही. या वयात शरीर बदलतं, वर्गात बोललं जातं, फोनवर दिवसभर गुळगुळीत शरीरं दिसतात. पण घरातलं बोलणं तुमच्या हातात आहे, तिथून सुरुवात करा. तिच्यासमोर स्वतःला ‘जाडी’ म्हणणं आजपासून बंद. कुणाच्या बारीक होण्याचं कौतुकही तिच्यासमोर नको. खाण्याला ‘चांगलं’, ‘वाईट’ अशी लेबलं नकोत. तिचं वजन काट्यावर तपासायला सांगू नका. पाळी सुरू होण्याच्या आसपास मुलींच्या अंगावर चरबी वाढते आणि ते वाढीचा भाग असतं, हे तिला सरळ सांगा. तिनं विचारलं, ‘मी जाड आहे का?’, तर घाईनं ‘नाही गं’ म्हणून विषय मिटवू नका. ‘असं का वाटलं तुला? कुणी काही म्हणालं का?’ असं विचारा आणि ऐकून घ्या. ती जेवण टाळायला लागली, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊ लागली, ताटातलं लपवू लागली किंवा तिची पाळी सुरू होऊन थांबली, तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.